सखी सावित्रीचं काम बघणाऱ्या बाईनं कुणाकडं बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बीड जिल्ह्यातल्या एका शाळेतल्या मॅडमनी विचारलंय. त्यांच्याकडं सखी सावित्री समितीचं, म्हणजे शाळेतल्या लेकरांच्या सुरक्षेसाठी सरकारनं करायला लावलेल्या समितीचं काम आहे. कागदावर समिती आहे, प्रत्यक्षात त्या एकट्याच. दोन वर्षांत तीन केसेस आल्या, एक पोक्सोची, म्हणजे लेकरावरच्या लैंगिक अत्याचाराची, आणि दोन बालविवाहाच्या. पोक्सोच्या केसनंतर रात्री झोप येईना, शिकवताना मधेच काय बोलत होतो ते विसरायलंय, घरी स्वतःच्या पोरीवर उगं ओरडणं चाललंय. हेडसर म्हणतात मॅडम एवढं मनाला लावून घेऊ नका. कुठल्या तरी ट्रेनिंगमध्ये "प्रोफेशनल सुपरव्हिजन घेत जा" असं कुणीतरी बोलून गेलं. तर ते काय असतं, आपल्या मराठवाड्यात कुठं मिळतंय, आणि मागितलं तर मी कामाला कमी पडले असं होईल का.

ताई, आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते. नाही होणार. आणि कुणी तसं म्हणालंच तर म्हणू द्या.

मी समाजकार्यात एमएसडब्ल्यू करून या कामात पडले त्याला अठरा वर्षं झाली, परभणी, बीड, जालना असं फिरत फिरत. शाळा, वसतिगृह, बाल कल्याण समितीसमोरच्या (अडचणीतल्या लेकरांचे निर्णय घेणारी जिल्ह्याची समिती) केसेस, सगळं बघितलंय. मागच्या सात-आठ वर्षांपासून शाळेत हे काम बघणाऱ्या बायकांना मी सुपरव्हिजन देते, आणि मी स्वतः पण दुसऱ्या एका मॅडमकडं घेते, अजून घेते. त्यामुळं हे पुस्तकातलं नाही, वापरातलं सांगायले.

आपल्याकडं घोळ शब्दापासूनच आहे. सुपरव्हिजन म्हटलं की शिक्षकाला दहावीच्या पेपरचं सुपरव्हिजन आठवतं नाहीतर साहेब तपासणीला आलेत आणि टाचण वही मागायलेत असं चित्र डोळ्यासमोर येतं. हे ते नाही. हे म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी, या कामातल्या अनुभवी माणसासोबत एक-दीड तास बसणं आणि हातातल्या केसवर आणि त्या केसनं आपलं काय केलंय यावर, दोन्हीवर बोलणं. दोन्हीवर, हे महत्त्वाचं. नुसतं केसवर बोललात तर ती मीटिंग झाली, नुसतं स्वतःवर बोललात तर मैत्रिणीसोबतच्या गप्पा झाल्या.

इंग्लंडात प्रत्येक शाळेत हे काम बघणारा एक ठरलेला माणूस असतो, डेझिग्नेटेड सेफगार्डिंग लीड म्हणतात त्याला. तिथं अगदी लहान लेकरांच्या नर्सरीसाठी स्टाफला सुपरव्हिजन द्यायचं हे नियमातच लिहिलेलं आहे, शाळेतल्या लीडसाठी मात्र तशी सक्ती नाही, तिथले लीड पण त्यासाठी भांडायलेत. तिथल्याच, समुपदेशन शिकवणाऱ्या ब्रिजिड प्रॉक्टर नावाच्या बाईंनी सुपरव्हिजनची तीन कामं सांगितलीत, माझ्या भाषेत सांगायचं तर काम नियमात बसतंय का ते बघणं, त्यातून शिकणं, आणि सावरणं. आपल्याकडं पहिल्याचा नुसता सुळसुळाट आहे, अहवाल पाठवा, फोटो टाका, लिंक भरा. दुसरं वर्षातून एखाद्या ट्रेनिंगला, ते पण प्रोजेक्टर चालला तर. तिसरं कुठंच नाही.

सखी सावित्री समितीचा जीआर मार्च २०२२ चा. मग २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरचं प्रकरण झालं आणि लगेच दुसरा जीआर, सीसीटीव्ही, तक्रार पेटी, कर्मचाऱ्यांची पडताळणी, २४ तासात कळवा. ते सगळं पाहिजेच, त्याबद्दल वाद नाही. पण पेटी उघडून त्यातली चिठ्ठी वाचणाऱ्या बाईचं काय होतं हे कुणी विचारलं नाही. चिठ्ठीत पाचवीच्या पोरीच्या अक्षरात चार ओळी असतात आणि त्या चार ओळी घेऊन ती बाई दुसऱ्या तासाला भूगोल शिकवायला जाते.

आता मी का म्हणते की ही बाईच्या सोयीची गोष्ट नाही, लेकराच्या सुरक्षेची आहे. माझंच सांगते. ऊसतोडीच्या पट्ट्यात काम करत होते. दिवाळीनंतर आईबाप कोयत्यावर जातात, लेकरं आजीकडं नाहीतर हंगामी वसतिगृहात, आणि पोरगी जरा मोठी झाली की तिला मागं एकटी ठेवायची भीती म्हणून लग्न लावून मोकळं व्हायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात २० ते २४ वयाच्या बायकांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्या परभणीत ४८ टक्के निघाल्या, बीडमध्ये ४४ च्या जवळपास, अख्ख्या राज्याचा आकडा २२ च्या आसपास. त्या एका हंगामात माझ्याकडं बालविवाहाच्या इतक्या तक्रारी आल्या की मला त्या पोरींचे चेहरे वेगळे दिसायचे बंद झाले. एक नववीतली पोरगी तीनदा पोट दुखायलं म्हणून आली. मी तिला ओआरएस दिलं आणि घरी पाठवलं. माझ्या सुपरव्हायझर मॅडमसोबत बसले होते, सहज बोलता बोलता तिचा विषय निघाला, त्यांनी एवढंच विचारलं, "तीनदा आली, तू तिला एकदा तरी बस म्हणालीस का?" नव्हते म्हणाले. का नव्हते, तर मला आतून माहीत होतं की बस म्हटलं की ती काहीतरी सांगणार आणि मला अजून एक ऐकायचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बसवलं. सांगितलं तिनं. चुलता होता. त्याच दिवशी रिपोर्ट गेला.

मी तेव्हा वाईट बाई नव्हते हो, आळशी पण नव्हते. थकलेला कान ऐकायचं बंद करतो, आणि गंमत म्हणजे ज्याचा तो कान असतो त्याला कळत नाही. बाहेरच्या माणसालाच दिसतं ते.

याच्या उलटं पण होतं. काही बायका एका केसनंतर इतक्या सावध होतात की प्रत्येक लेकरात तेच दिसायला लागतं, पोरगं गप्प बसलं की त्याला आडोशाला नेऊन दहा प्रश्न. तुम्ही लिहिलंय की पोरीला टेलर काकाकडं पण एकटं पाठवत नाही आता, ते वाचून मला हेच आठवलं. ही दोन्ही टोकं एकाच दुखण्याची आहेत, बधिर होणं आणि सारखं दचकणं. दोन्हीत निर्णय चुकतो.

एक गोष्ट मात्र आधीच ठळक सांगून ठेवते नाहीतर लोक उलटा अर्थ काढतात. रिपोर्ट करायला सुपरव्हिजनची वाट बघायची नाही. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणं गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती जरी वाटली तरी पोलिसांना कळवायचं, बस. खरं का खोटं याची चौकशी शाळेनं करायची नाही, ते आपलं काम नाही. नाही कळवलं तर कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेच्या प्रमुखानं हाताखालच्या माणसाचं प्रकरण दाबलं तर एक वर्षापर्यंत. २०२२ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका वसतिगृहाच्या प्रकरणात स्पष्ट सांगितलंय की माहिती असून न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे. आणि चांगल्या हेतूनं कळवलं तर तुमच्यावर कारवाई होत नाही, हे पण त्याच कलम १९ मध्ये आहे, हे हेडसरला दाखवा, लई जणांना माहीत नसतं. तर आधी रिपोर्ट, मग दोन दिवसांत सुपरव्हायझरला फोन. हा क्रम उलटा करायचा नाही.

मग त्या तासात होतं काय. मी सुरुवातीला नेहमी एकच करायला लावते. लेकरानं काय शब्द वापरले, तुम्ही काय बघितलं, आणि तुम्ही काय धरून चाललात, हे वेगवेगळं सांगा. ऐकायला सोपं वाटतं, करायला गेलं की घाम फुटतो. एक मॅडम ठामपणे म्हणायच्या की पोरगी वडिलांना घाबरते, खोदत गेलो तर निघालं पोरगी असं कधी म्हणालीच नव्हती, मॅडमचे स्वतःचे वडील दारू पिऊन मारायचे. त्या रडल्या, मी पाणी दिलं, मग म्हटलं चला आता परत त्या पोरीकडं बघू. परत लेकराकडं येणं हे सुपरव्हायझरचं काम आहे, नाहीतर तास सगळा आपल्याच दुःखात जातो.

दुसरं, भीती. ही गोष्ट ट्रेनिंगमध्ये कुणी बोलत नाही. आरोपी सरपंचाचा भाचा निघतो. तुम्ही तालुक्यावरून अप-डाऊन करता, स्कुटीवर, सहा किलोमीटरचा रस्ता सुनसान, आणि हॉटेलवर बसलेली पोरं तुम्हाला बघून हसतात. कुणी धमकी दिलेली नसते, म्हणजे तक्रार करायला काही नसतं, पण पोटात गोळा रोज येतो. हे बोलायला जागा लागते. बोललं की त्यातली कामाची गोष्ट वेगळी निघते, की काही दिवस सोबत कुणासोबत यायचं, हेडसरला लेखी काय द्यायचं आणि त्याचा जावक नंबर कसा घ्यायचा, ठाण्यात कुणाला सांगून ठेवायचं. राहिलेली भीती राहते, पण ती दोघांना माहीत असलेली भीती असते.

तिसरं म्हणजे अपराधीपणा, आणि तुमच्या पत्रात मला हेच सगळ्यात जास्त दिसलं. "मी रिपोर्ट केला म्हणून त्या पोरीची शाळा सुटली." ताई, हे वाक्य मी किती जणींकडून ऐकलंय. घरचे लाजेनं पोरीला मामाच्या गावाला पाठवतात, गाव बाईला बोल लावतं, आणि ज्यानं केलं त्याचं नाव कुणी घेत नाही. तुमच्या रिपोर्टनं शाळा सुटली नाही, गुन्ह्यानं सुटली. पण हे मी एकदा लिहून तुम्हाला पटणार नाही, ते महिनोन्‌महिने कुणासोबत तरी बसून आत उतरतं. आणि त्यात करण्यासारखं पण असतं. २०२० च्या पोक्सो नियमांत मदतनीस व्यक्तीची सोय आहे, सपोर्ट पर्सन म्हणतात, बाल कल्याण समिती नेमते, तपासापासून खटल्यापर्यंत लेकरासोबत राहायला. नेमलाय का ते विचारा. पोरीच्या शाळेचं काय ते समितीला लेखी कळवा, जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मनोधैर्य योजनेचा, म्हणजे अत्याचार झालेल्यांना सरकारी मदत मिळते त्याचा, अर्ज गेलाय का ते बघायला सांगा. आणि मग सोडा. तिची सपोर्ट पर्सन तुम्ही नाही. रोज तिच्या आईला फोन करणं बंद करा, मला माहितीये तुम्ही करायलात.

अजून एक अडचण आहे जी कुणाला नीट सुटलेली नाही, मला पण नाही. सोळा-सतरा वर्षांची पोरगी, वर्गातल्याच नाहीतर शेजारच्या पोरासोबत पळून गेली, घरच्यांनी आणली, आता ती तुम्हाला विश्वासानं सगळं सांगायली. कायद्यानं अठराच्या आत संमती धरत नाहीत, म्हणजे रिपोर्ट. रिपोर्ट केला की पोरगं आत, पोरीचं घाईनं लग्न, आणि ती तुमच्याकडं कधीच येणार नाही. कायदा मला वाकवता येत नाही आणि तुम्हाला वाकवा असं पण सांगणार नाही. पण त्या रात्री घरी जाऊन एकटीनं भाकरी थापत हे डोक्यात घोळवण्यापेक्षा हे ज्याला कळतं त्याच्यासमोर बोलणं वेगळं. एवढंच आहे त्यात. कधीकधी सुपरव्हायझरकडं पण उत्तर नसतं, तो फक्त खोटा धीर देत नाही.

आता कुणाकडं जायचं. हेडसर नको. ते चांगले आहेत असं तुम्हीच लिहिलंय, तरी नको, कारण तुमचा गोपनीय अहवाल ते लिहितात आणि उद्या तक्रार त्यांच्याच स्टाफमधल्या कुणावर आली तर काय कराल. केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी, त्याच कारणानं नको. नवरा नको, एक तर लेकराची ओळख बाहेर जाते आणि दुसरं म्हणजे तो काळजीपोटी "सोड ते काम" म्हणणार. बाल संरक्षण कक्षातले समुपदेशक चांगले असतात पण तुमच्याच केसमध्ये तेही असतात, त्यामुळं केसपुरता सल्ला त्यांच्याकडून घ्या, सुपरव्हिजन नको.

मग उरतं कोण, तर बाल कल्याण समितीवर आधी काम केलेली माणसं, समाजकार्य महाविद्यालयातले फील्डवर्क बघणारे प्राध्यापक, संभाजीनगरच्या घाटी दवाखान्यात किंवा अंबाजोगाईच्या मेडिकलला मानसोपचार विभागात काम केलेले सोशल वर्कर, तुळजापूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमधून शिकून इकडंच राहिलेली पोरं-पोरी, त्यातल्या काही जणी आता चांगल्या अनुभवी झाल्यात. मानसशास्त्राची पदवी आहे एवढ्यावर जाऊ नका, लेकरांच्या केसमध्ये पोलीस-कोर्ट-गाव हे तिन्ही बघितलेला माणूस पाहिजे. आणि तुमच्या तालुक्यातला नको! आपल्याकडं नाव नाही सांगितलं तरी "ती बाभळीजवळच्या वस्तीवरची, बाप ट्रॅक्टर चालवतो" एवढ्यावर अख्ख्या तालुक्याला कळतं कोण ते. दुसऱ्या जिल्ह्यातला असला तर अजून बरं.

दर महिन्याला जाणं होत नसेल तर एक महिना फोनवर, एक महिना समोर. व्हिडिओ कॉल करायचा तर खिचडी शेडमागं उभं राहून करू नका, मदतनीस मावशी सगळं ऐकतात आणि त्यांचा दोष नाही. एका मॅडमनी सांगितलं त्या एसटी स्टँडवर बसून बोलतात कारण तिथल्या गोंगाटात कुणाला काही ऐकू येत नाही, मला हसू आलं पण खरं सांगायचं तर वाईट पण वाटलं.

पहिल्याच दिवशी एका कागदावर दोघांनी लिहून सह्या करायच्या. किती वेळ, कितीदा, पैसे असतील तर किती, आणि गुप्त काय राहणार आणि काय नाही. लेकरू धोक्यात आहे आणि तुम्ही कळवलं नाही असं दिसलं तर सुपरव्हायझर गप्प बसणार नाही, हे त्यात स्पष्ट पाहिजे. ज्याला हे लिहायला नको वाटतं त्याच्याकडं जाऊ नका.

माणूस मिळालाच नाही तर पाच-सहा जणींचा गट करा. आमचा एक गट असाच सुरू झाला, वेगवेगळ्या तालुक्यांतल्या सहा शिक्षिका, महिन्यातून एका शनिवारी शाळा सुटल्यावर. नियम तीनच ठेवले, नाव-गाव-इयत्ता बदलून सांगायची, एकीचं संपल्याशिवाय दुसरीनं "अगं माझ्याकडं तर" करायचं नाही, आणि फोन बाहेर पिशवीत. दुसरा नियम सगळ्यात जास्त मोडतो. त्यातली एक मॅडम एकदा म्हणाल्या, ही चुंबळ आहे, हंड्याचं वजन तेवढंच राहतं पण डोक्याला रुतत नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र काढू नका, हात जोडून सांगते. आज चांगल्या मनानं टाकलेला मेसेज उद्या कुणाच्या तरी नवऱ्याच्या फोनमधून फिरतो आणि लेकराची ओळख उघडी पडते.

आणि वही ठेवा. लेकरानं सांगितलं त्याच दिवशी, लेकराच्याच शब्दात, तारीख-वेळ टाकून, आपलं मत न मिसळता. ती कुलपात. स्वतःच्या मनातलं लिहायची वही वेगळी, दोन्ही एकत्र करू नका, कारण पहिली कोर्टात जाऊ शकते. समन्स तीन-तीन वर्षांनी येतं, तोवर तुमची बदली झालेली असते, पोरीचा चेहरा आठवतो पण वार आठवत नाही आणि समोरचा वकील नेमका वारच विचारतो. साक्षीच्या आधी एक तास सुपरव्हायझरसोबत बसा, साक्ष पढवायला नाही, त्या दिवशी पाय कापायले तर काय करायचं एवढ्यासाठी.

तुमच्या झोपेचं. दोन-तीन आठवडे झाले, जेवण जाईना, शिकवताना विसरायलंय, म्हणजे हे सुपरव्हिजनच्या पुढं गेलेलं असू शकतं. सुपरव्हिजन म्हणजे उपचार नव्हे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ नंबर आहे, मराठीत बोलतात, फुकट आहे, आज रात्रीच लावा. नाहीतर सिव्हिलला मानसोपचाराची ओपीडी असते तिथं दाखवा, आपल्या ओळखीचं कुणी दिसेल म्हणून लाजू नका, दिसलं तर ते पण त्याच रांगेत असतील.

हेडसरकडं मागताना "मला त्रास होतोय" असं म्हणू नका, ते परत म्हणतील मनाला लावून घेऊ नका. असं म्हणा की सर, पुढची केस माझ्याकडून चुकू नये म्हणून मला महिन्यातून दोन तास पाहिजेत, तेवढे माझे तास लावून द्या. आणि लेखी द्या. जमलं तर अजून एका मॅडमला किंवा सरांना या कामात सोबत घ्या, तुम्ही रजेवर असताना लेकरू कुणाकडं जाईल हा प्रश्न हेडसरलाच विचारा, त्यांना उत्तर शोधू द्या. तसं बघितलं तर हेडसरला पण कुणीतरी पाहिजे, गावाचा आणि पुढाऱ्याचा फोन आधी त्यांनाच येतो. पण ते मागणार नाहीत, पुरुषमाणसं लई उशिरा मागतात.

माझ्याकडं दोन-तीन जिल्ह्यांतल्या या कामातल्या माणसांची यादी आहे. मेसेज करा, तालुका तेवढा कळवा. गावाचं नाव नको, शाळेचं नको आणि त्या पोरीबद्दल तर एक अक्षर पण लिहू नका.